उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र: कलम 47 पूर्ण वाचा

माननीय मंत्रिमहोदय, स.न.वि.वि.

मी नागपूरची. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. वस्तीतलं देशी दारूचं दुकान दिवाळीपर्यंत हलवतो, असं मतं मागायला आलेला एक पुढारी हात जोडून सांगून गेला होता. दिवाळी झाली. परवा त्याच दुकानावर नवी पाटी चढली, लायटिंगसकट. अभिनंदन!

त्याच दिवशी माझे मिस्टर दवाखान्यातून घरी आले. पाय बधिर, भिंत धरून चालतात. डॉक्टर म्हणाले, बी-वन जीवनसत्त्व संपलंय. मी म्हटलं, रोज वाढते हो. ते म्हणाले, खातात किती?

संध्याकाळी उपाशीपोटी पव्वा, सोबत मूठभर खारे फल्लीदाणे. घरी आले की ताट सरकवायचं, "भूक नाही." डॉक्टरांनी समजावलं, दारूतल्या अल्कोहोलच्या एका ग्रॅममागे सात कॅलरी मिळतात, पण त्यात ना प्रथिनं ना जीवनसत्त्वं. वर जे थोडं खाल्लं, त्यातलं बी-वनही आतडं नीट शोषत नाही. सरकवलेलं ते ताट सकाळी मी खाते. किती वर्षं शिळं खातेय, ते कोणत्या सर्वेक्षणात येतं?

80 रुपयांचा पव्वा, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याचे 4800. माझं मानधन 2500. राशनचे माणशी पाच किलो सरकार फुकट देतं, आणि आमच्या गल्लीत त्यातला तांदूळ विकून पव्वा येतो. शंभरातली साठ घरं असतील. मोजणी माझीच, खोटी वाटली तर माणूस पाठवा.

संविधानाचं कलम 47 म्हणतं, लोकांचं पोषण वाढवणं हे राज्याचं कर्तव्य, आणि त्याच कलमात दारूबंदीही आहे. पहिल्या अर्ध्यासाठी तुम्ही मला खिचडी वाढायचा डाव दिला, दुसऱ्या अर्ध्यासाठी दुकानाला परवाना! परवाना देणाऱ्या कायद्याचं नावही दारूबंदी कायदा. याच शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखोंनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. त्या दीक्षाभूमीवर हार घालायला तुम्ही सगळेच येता.

आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानासाठी, आम्ही सह्या गोळा केल्या, तर म्हणे सह्या जुळत नाहीत. दुकान उघडताना आमची एकही सही लागली नव्हती. महसूल तुमचा, लिव्हर आमची.

मागणी एकच, दुकान हलवा. डिसेंबरात अधिवेशनाला याल, सावजीवर ताव माराल. एका संध्याकाळी आमच्याकडे या. वरण-भाताचं एक ताट रोज उरतंच.

एक खिचडीवाली