तारेचं कुंपण घालू नकोस

बोरिवली
1 जून 2025

प्रिय बंड्या,

बदलापूरच्या घराचे फोटो बघितले. अंगण झकास आहे, पण कोपऱ्यात तारेचं बंडल दिसलं आणि जीव खाली-वर झाला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? म्हणून हे पत्र. ती तार दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाक. कडेने करवंद लाव.

हसू नकोस. माझ्या घरामागच्या पट्टीत गेली सात वर्षं करवंद आहे. पट्टी म्हणजे काय, चार फूट रुंद आणि चौदा फूट लांब. तळमजला घेतला तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली होती. डास, उंदीर, वरून पडणारे कपड्यांचे चिमटे. ते सगळं आहेच. पण जमीन आहे रे, पाय टेकवायला खरी माती.

सुरुवात 2018च्या मे महिन्यात झाली. स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणातून करवंदं विकायला बसतात, बघितल्यास तू. एक द्रोण घेतला आणि घरी येऊन नातवाला ‘कोंबडा की कोंबडी’ शिकवलं. एकेक करवंद दातांनी तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पोरगं बेहद्द खूश. बशीत बियांचा चिकट ढीग जमला, तो टाकवेना. दुसऱ्या दिवशी त्याच मावशींना विचारलं, ह्या रुजतील का? त्या म्हणाल्या, "राखेत चोळ, धू, नि लगेच पेर. ठेवून दिलास तर गेली." बस, एवढंच. पुढे कळलं की अगदी बरोबर सांगितलं होतं. करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं, वर्षभर डबीत ठेवून पुढच्या पावसात काढलं तर काही उगवत नाही. दुधाच्या पिशव्यांत पेरलं, तीन-साडेतीन आठवड्यांनी टाचणीएवढे कोंब आले. अकरा रोपं झाली. चार माझ्याकडे राहिली, बाकीची बिल्डिंगमध्ये वाटली. त्यातलं एकही जगलं नाही, कारण सगळ्यांनी ती बेडरूमच्या खिडकीत ठेवली.

माझी जगली, पण फळेनात. चूक माझीच. शेणखत, कांद्याच्या सालींचं पाणी, तांदळाचं धुवण, रोज संध्याकाळी पाइप. पानं बघावीत तर रबरासारखी तुकतुकीत, आणि फूल एक नाही. आठवतं का, तुझ्या आजोळच्या सड्यावर करवंदाच्या जाळ्या कुठे असायच्या? जांभ्याच्या भेगेत. मूठभर माती, वैशाखाचं ऊन, आणि आपण चड्डीत पाय भाजत जाळीत हात घालायचो. त्या झाडाला मी तांदळाचं धुवण पाजत होतो! 2021च्या दिवाळीनंतर पाणी तोडलं. बायको म्हणाली, मारतोयस. फेब्रुवारीअखेर पहिली फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी. रात्री मागचं दार उघडलं की जुईची वेणी कुणीतरी विसरून गेल्यासारखा वास.

आता खरी गंमत ऐक, कारण तुझ्याकडे हीच चूक होणार. करवंदाशेजारीच फालसा आहे. आपल्या डोंगरातल्या धामणीचा भाऊबंद. एप्रिल-मे मध्ये हातगाडीवर काळं मीठ भुरभुरवून मिळतो, तोच. त्याचं फळ नव्या फुटीवर धरतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत तो निर्दयपणे छाटायचा, कमरेएवढा खाली. मला धीर होईना, तेव्हा सोसायटीच्या माळीमामांना बोलावलं. त्यांनी फालसा असा भादरला की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "गेलं का हो झाड?" मी ऑफिसात. मामांच्या हातात कात्री, अंगात हुरूप, शेजारी करवंद. तेही चौकोनी कापून ठेवलं, अगदी बागेतल्या कुंपणासारखं देखणं. आणि करवंदाची फुलं येतात फांदीच्या टोकाला! जी टोकं त्यांनी कचऱ्याच्या गोणीत भरली, तिथेच महिन्याभराने झुबके लागले असते. त्या वर्षी फालशाला इतकी फळं आली की रोज सकाळी वाटीभर खुडायचो (एकदम पिकत नाहीत, हाही त्याचा एक नखरा), आणि करवंदाला एक फूल नाही. एकच माणूस, एकच कात्री, एकच सकाळ. तेव्हा लक्षात ठेव, फालसा थंडीत काप, आणि करवंदाला हात लावायचाच असेल तर फळं उतरल्यावर, पावसाच्या तोंडाशी, तोही हलका.

हा फालसा दुकानात का मिळत नाही, ते घरी लावल्यावर समजलं. खुडलेला फालसा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तिसऱ्या दिवशी आंबतो. कुठला दुकानदार ठेवेल? आम्ही सकाळी खुडतो आणि संध्याकाळी सरबत करतो. तुझ्या वहिनीचा नियम असा की पांढरा शर्ट घातलेल्याला ग्लास द्यायचा नाही.

नर्सरीतलं रोप घेशील तर जपून. करवंद म्हणून मी एक आणलं, ते निघालं बागायती, पांढऱ्या-गुलाबी मोठ्या फळांचं. खायला नुसतं आंबट ढाण, लोणच्याला मात्र छान. आणि एक सांगू? लहानपणी बेकरीतल्या केकवरच्या ज्या लाल चेरीसाठी आपण मारामाऱ्या केल्या, ती बरेचदा चेरी नसतेच. पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. म्हणजे गावाला फुकट मिळायचं त्याच्यासाठी तू माझा कान चावला होतास.

फांदी मोडली की पांढरा चीक येतो. घरात लहान मूल असेल तर लोक घाबरवतील, कारण करवंद कण्हेरीच्या कुळातलं आणि कण्हेर विषारी. पिकलं करवंद बेलाशक खा. कच्च्याचा चीक ओठांना चिकटतो, ते तुला सांगायला नको. काटे मात्र खरेच वाईट. पंक्चरवाल्याकडे जाऊन आलोय.

एक पाहुणी आपोआप आली, कामोणी. कुठल्याशा पाखराने बी टाकलं असणार. मिरचीच्या कुंडीत उगवली, बारकी पांढरी फुलं, मग मिरीएवढे हिरवे मणी, पुढे ते काळे-जांभळे होतात. काळी झालेली खातात, गोडसर लागतात. हिरवी तोंडात घालायची नाहीत, ती बाधतात. नातवाला हे दहा वेळा बजावलंय, तुझ्या नातीलाही बजाव.

सोसायटीकडून दोन पत्रं आलीत. पहिलं काट्यांबद्दल, दुसरं वाळत घातलेल्या चादरींवरच्या जांभळ्या डागांबद्दल. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. बुलबुल येतात, दोन्ही जातींचे, लालबुड्याही आणि तुरेवाला शिपाईही. फालसा खातात आणि वर दोरीवर जाऊन बसतात. जाळं टाकून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यात एक बुलबुल अडकला, त्याचे पाय सोडवताना माझे हात थरथरले, आणि जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. आता खालच्या फांद्या आमच्या, वरच्या त्यांच्या. हे अर्थात मी ठरवलंय. त्यांना कुणी कळवलेलं नाही.

यंदा मात्र वाटच लागली. अख्खा मे पावसात गेला, आणि 26 तारखेला तर मान्सूनच येऊन थडकला. एरवी तो मुंबईत 11 जूनच्या सुमाराला येतो. करवंदं ऐन रंगात होती. पाणी पिऊन टरटरून फुगली, काही तडकली, चवीला पाणचट झाली. सात वर्षांतलं सगळ्यात मोठं पीक होतं रे. जी वाचली त्यांतली मूठभर दहा तारखेच्या वटपौर्णिमेसाठी बायकोने बाजूला काढून ठेवलीत, आणि त्यांच्याकडे बघायचीही मला बंदी आहे.

पण बिया आहेत. तडकलेल्या सगळ्यांच्या काढल्या, राखेत चोळल्या, परवाच साठ पिशव्या भरल्या. तुझ्या कुंपणाला दोन-अडीच फुटांवर एक धर. चर खणून ठेव, पण खाली पाणी साचत असेल तर आधी विटांचे तुकडे टाक, मुळं कुजली तर संपलं. आणि तीन-चार वर्षं फळाचं नाव काढू नकोस. तोवर गुरं येत असतील तर तारेचा एकच पदर ओढ, एवढी सूट देतो.

रोपं ऑगस्टपर्यंत थोडी वाढतील. लोकलने आणणं शक्य नाही, काट्यांमुळे डब्यातले लोक मला आणि रोपांना खाली उतरवतील. तेव्हा गाडी घेऊन तूच ये. वहिनींनाही आण. फालशाचं सरबत बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवलंय, आणि येताना पांढरा शर्ट नको.

तुझा,
दिन्या