वेरूळ-देवगिरीच्या सोबत्यांचे आभार

आईचे गुडघे आणि देवगिरीच्या पायऱ्या यांचं जमणार नव्हतंच. तरी तिचं वेरूळ मनासारखं बघून झालं, ते गाईडकाकांमुळे. मंगळवारी लेणी बंद असतात, बुधवारी या आणि उन्हाच्या आत पोहोचा, हे त्यांनी फोनवरच बजावलं होतं. राष्ट्रकूटांच्या काळात कैलास मंदिर कळसापासून खाली कोरत आणलं, हे आम्ही वाचलेलं. काकांनी आईला कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाच्या शिल्पासमोर बसवून ते सावकाश उलगडून दाखवलं. दहाव्या लेण्यात छताच्या दगडी फासळ्या लाकडी कामासारख्या का, हेही. तिचे प्रश्न संपत नव्हते (शिक्षिका होती!), काका एकदाही घड्याळाकडे पाहीनात.

ड्रायव्हरदादा, आम्ही गडावर अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, चाचपडत असताना तुम्ही खाली चांद मिनाराजवळ आईसोबत गप्पा मारत थांबलात. ते तुमचं काम नव्हतं. अंधारीत मोबाईलचा उजेड धरणारी कॉलेजची मुलं, गडाबाहेर आईला स्टुलावर बसवून पाणी देणाऱ्या सीताफळवाल्या मावशी, तुमचेही मनापासून आभार. आणि दादा, जेवणाचे पैसे तुम्ही देऊ दिले नाहीत म्हणून आई अजून कुरकुरते आहे.