ताई, तुझ्या हातच्या त्या कार्डाने पोरगं शाळेत राहिलं

लबक, टेक्सास
सप्टेंबर २०२५

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. फोनवर तू दर वेळी गोवराचं विचारायचीस आणि मी काही नाही गं म्हणून विषय बदलायचे, कारण शेजारी आई बसलेली असायची. आता १८ ऑगस्टला इथल्या सरकारनं साथ संपली म्हणून जाहीर केलंय, तर सगळं लिहिते.

साथ जानेवारीत सुरू झाली, आमच्यापासून गाडीनं दीडेक तासावरच्या गेन्स काउंटीत. टेक्सासात मिळून ७६२ पेशंट झाले आणि शाळेच्या वयाची दोन लेकरं गेली, दोन्ही आमच्याच गावातल्या हॉस्पिटलांत. दोघांनाही लस दिलेली नव्हती. गोवरानं पोर गेल्याचं आजी सांगायची, इथं येऊन ऐकावं लागेल असं कधी मनात पण आलं नव्हतं, २००० सालीच या देशानं गोवर हद्दपार झाला म्हणून सांगितलेलं.

मग मार्चमधे एका संध्याकाळी स्कूल डिस्ट्रिक्टचा मेसेज आला. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या झेडपीचा शिक्षण विभाग समज, फक्त बोर्ड वेगळं निवडून येतं आणि शाळांशिवाय दुसरा कारभार नाही. आमच्या शाळेत एका मुलाला गोवर निघाला होता. नाव सांगितलं नाही, वर्ग पण नाही, फक्त ज्यांचा संबंध आला त्यांना नर्सचा वेगळा फोन. मला वाटलं शाळाच बंद करतील, पण दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मी जाम चिडले होते ताई, खरंच सांगते.

फोन मलाही आला. नर्सनं समजावलं की गोवराची हवा माणूस निघून गेल्यावर पण दोन तास खोलीत राहते, म्हणून ते मूल घरी गेल्यावर संगीताच्या तासाला त्या खोलीत बसलेली पोरं पण यादीत, आमचा थोरला त्यातलाच. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून रोग पसरतो, तेव्हा नुसता ताप, खोकला आणि लाल डोळे, कुणाला कळणार? यादीतल्या ज्यांच्या नावावर लसच नव्हती त्यांना २१ दिवस घरी, ज्यांची पूर्ण होती ती वर्गात. शेजारच्या घरातल्या दोघांना आईबापांनी ठरवून लस दिली नव्हती, ती तीन आठवडे खिडकीतून आमच्या पोराला हात करायची. त्यांची आई माझ्यापाशी येऊन रडली, मी काय बोलणार.

आणि आमचा वर्गात बसू शकला तो तुझ्यामुळे. अ‍ॅडमिशनच्या वेळी तू ट्रंकेतून शोधून फोटो पाठवलेलास ना ते तासगावचं लसीकरण कार्ड, कोपरा तेलानं पिवळा पडलेला, तारखा तुझ्या निळ्या पेनानं लिहिलेल्या. तेव्हा नर्स म्हणाली नवव्या महिन्याचा डोस आम्ही धरत नाही, सोळाव्या महिन्याचा धरतो, अजून एक द्या. मला राग आलेला, आपल्या लसीला नावं ठेवतात की काय. पण तसं नाही गं. वर्षाच्या आत आईकडून आलेली ताकद बाळाच्या अंगात असते त्यामुळे लस कधी कधी नीट लागू पडत नाही, आणि आपल्याकडे लहान बाळांनाच गोवराचा धोका जास्त म्हणून नवव्या महिन्यातच देतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. साथीत तर इथं पण सहा महिन्यांपासूनच्या बाळांना जादा डोस सांगितला, आपल्या छोटीला सातव्या महिन्यात दिला, तो पण मोजायचा नाही, वर्ष झालं की परत.

मला २०१८ आठवलं, गोवर-रुबेलाची मोहीम सुरू होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही फिरायचं, तू उन्हातान्हात दारोदार जाऊन आयांना समजवायचीस आणि घरी येऊन पाणी पण न पिता आडवी व्हायचीस. आम्ही म्हणायचो कशाला एवढं. इथं शाळेनं जे काही एका रात्रीत केलं ना ते असल्याच कार्डांवर केलं.

धाकट्या वहिनीच्या बाळाचा दुसरा डोस राहिलाय म्हणालीस, सर्दी होती म्हणून. साध्या सर्दीला थांबायचं नसतं हे तूच लोकांना सांगतेस. येत्या लसीकरणाच्या दिवशी तिला घेऊनच जा, आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला टाक.

तुझी
धाकटी