जादा पगाराच्या वसुलीविषयी मित्रास पत्र

प्रिय बाबू,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली कंपनीची नोटीस आणि जूनचे पगारपत्रक, दोन्ही नीट वाचली. तू १० जूनला नोकरी सोडलीस, पगार काढताना तुझे नाव यादीतून कमी करायचे राहिले आणि उरलेल्या वीस दिवसांचे पैसेही तुझ्या खात्यात पडले, एवढाच हा मामला आहे. नोटिशीची भाषा मात्र अशी, की जणू तू तिजोरी फोडून मालवणला पळालास!

पैसे परत करावे लागतील, याविषयी मनात किंतु ठेवू नकोस. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेली रक्कम परत करावी लागते, मग ती चूक देणाऱ्याची का असेना. जादा पगार परत मागताच येत नाही, असे सांगताना तुझे मेहुणे ज्या निकालाचा हवाला देतात, तो सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातील निकाल खराच आहे. परंतु तो सरकारी नोकरांकडून, त्यातही खालच्या श्रेणीतील आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या वसुलीविषयी आहे. खासगी कारखान्यातून आलेल्या वीस दिवसांच्या पगाराला तो लावता येणार नाही.

खरा वाद रकमेचा आहे. तुझा एकूण पगार २७,००० रुपये, म्हणजे रोजचे ९०० धरून त्यांनी १८,००० मागितले आहेत. पण तेवढे तुझ्या हाती आलेलेच नाहीत. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांवर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये भविष्य निर्वाह निधीत कापले गेले आणि त्यांपैकी १,२०० या वीस दिवसांचे आहेत. तो भरणा दुरुस्त करून घेणे कंपनीचे काम आहे, त्याची झळ तुला कशाला? उरतात १६,८००. तुझ्या शिल्लक आठ भरपगारी रजांचे ७,२०० रुपये त्यांच्याकडेच आहेत; ते वळते केले की तुझे देणे ९,६०० रुपयांवर येते. शिवाय सहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे सुमारे ५१,९०० रुपये, तीस दिवसांत मिळायला हवी होती. नोटिशीत तिचा चकार शब्द नाही. दुसऱ्याची चूक दाखवताना स्वतःचे देणे विसरण्याची ही हातोटी मला नवी नाही.

तेव्हा फोनवर वाद न घालता लेखी उत्तर दे. जादा रक्कम मिळाल्याचे मान्य कर, वरील हिशोब मांड आणि संपूर्ण अंतिम हिशोब लेखी माग. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा जोड. आलेले पैसे जाळ्यांत आणि इंजिनाच्या कामात गेले, हे सांगण्यात कमीपणा नाही. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठल्यावर दोन हप्त्यांत देतो, असे सुचव. पैसे कंपनीच्या बँक खात्यातच भर, साहेबाच्या हाती रोख मुळीच देऊ नकोस, आणि पावती घे. ‘सर्व येणे मिळाले’ अशा कागदावर मात्र ग्रॅच्युइटी खात्यात जमा होईपर्यंत सही करू नकोस.

उत्तराचा मसुदा सोबत जोडला आहे. रजांचा आकडा पगारपत्रकाशी पुन्हा ताडून पाहा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचपावती जपून ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा