परत मागवलेला भाग साठ्यातून ‘शून्य’ करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाहनातील किंवा यंत्रातील एखादा सदोष भाग उत्पादकाने परत मागवल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येतात. किती वाहने बाधित आहेत, ग्राहकाने कोठे जावे आणि खर्च कोण सोसणार, एवढे सांगून बहुतेक बातम्या संपतात. त्याच भागाचे जे नग अजून कोणत्याही वाहनात बसलेले नाहीत आणि गोदामाच्या रॅकवर खोक्यात पडून आहेत, त्यांचे पुढे काय होते, याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. सुट्या भागांच्या गोदामांत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्याने याच बाजूविषयी लिहीत आहे.

रिकॉलची सूचना आली की गोदामात पहिली धावपळ असते ती माल बाहेर जाणे थांबवण्याची, आणि घाईत सुचणारा सर्वांत सोपा उपाय म्हणजे संगणकात ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ची एक एन्ट्री टाकून त्या भागाची शिल्लक शून्य करणे. त्यामुळे विक्री विभागाला तो भाग दिसत नाही, नव्या ऑर्डरवर तो लागत नाही आणि सगळ्यांना हायसे वाटते. खोकी मात्र जिथल्या तिथेच असतात. काही महिन्यांनी मोजणीची पाळी येते, स्कॅनर हातात घेतलेला कर्मचारी त्या रॅकपाशी पोहोचतो, आणि सिस्टीम शून्य सांगत असताना त्याच्या डोळ्यांसमोर चाळीस नग असतात. तो आपले काम प्रामाणिकपणे करतो, म्हणजे चाळीस नग जादा सापडल्याची नोंद करतो. पर्यवेक्षक इतर पन्नास तफावतींबरोबर तीही मंजूर करतो, आणि त्या क्षणापासून तो माल पुन्हा विक्रीयोग्य होतो. हे मी प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे. त्या वेळी पाच नग डिस्पॅचच्या टेबलापर्यंत पोहोचले होते आणि तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला खोक्यावरचा लॉट नंबर (एकाच वेळी तयार झालेल्या मालाच्या गटाचा क्रमांक) ओळखीचा वाटला, एवढ्याच कारणाने ते थांबले. चूक कोणाची, हे शोधायला आम्ही बसलो तेव्हा लक्षात आले की मोजणी करणाऱ्याची तर नव्हतीच. खोटी नोंद आम्हीच आधी करून ठेवली होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की परत मागवलेला भाग मोजला गेलाच पाहिजे, फक्त तो उपलब्ध साठ्यात धरला जाता कामा नये. हातातला साठा आणि देता येण्याजोगा साठा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि साठ्याच्या कोणत्याही धड सॉफ्टवेअरमध्ये ते वेगळे ठेवण्याची सोय असते. तिला कोणी ‘होल्ड’ म्हणते, कोणी ‘ब्लॉक्ड स्टॉक’, कोणी ‘क्वारंटाइन’. चाळीस नग हातात, शून्य उपलब्ध, अशी नोंद असली की मोजणी करणाऱ्याला तफावत दिसत नाही, हिशेब विभागाला मालाची किंमत पुस्तकात सापडते आणि उत्पादकाकडे भरपाईचा दावा करताना नगांचा पुरावा हाती राहतो. खरेदीचेही तसेच आहे. फेरमागणीची पातळी, म्हणजे साठा किती खाली आला की नवा माल मागवायचा तो आकडा, उपलब्ध साठ्यावर बेतलेली असेल तर निर्दोष भागांची मागणी आपोआप निघते. ती एकूण साठ्यावर बेतलेली असेल तर चाळीस निरुपयोगी नगांकडे बघून सिस्टीम स्वस्थ बसते आणि इकडे दुरुस्तीसाठी आलेली वाहने खोळंबतात.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: नेमके कोणते नग अडवायचे? येथे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण मुद्दाम आठवावेसे वाटते. किल्ली चालू स्थितीतून सहज घसरावी इतका तो स्विच ढिला होता. किल्ली घसरली की इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. २००६ मध्ये स्विचची रचना सुधारण्यात आली, पण पार्ट नंबर बदलला नाही. त्यामुळे जुना सदोष स्विच आणि नवा सुधारित स्विच कागदोपत्री एकच ठरले. २०१४ च्या फेब्रुवारीत रिकॉल सुरू झाला तेव्हा तो जुन्या मॉडेलांपुरता होता, परंतु मार्चच्या अखेरीस २००८ ते २०११ या वर्षांची मॉडेलेही त्यात घ्यावी लागली, कारण सुट्या भागांच्या साखळीतून गेलेले जुने स्विच दुरुस्तीच्या वेळी या नव्या गाड्यांत बसवले गेले असण्याची शक्यता होती. रिकॉल झालेल्या वाहनांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. या अनर्थाचे मूळ गोदामात नव्हते, हे खरे. तरीही एकाच नंबराखाली दोन वेगळ्या वस्तू ठेवल्या की गोदामातला सर्वांत दक्ष माणूसही त्या वेगळ्या करू शकत नाही.

यावरचा उपाय नवा नाही. जीएस-१ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बारकोड पद्धतीत वस्तूच्या क्रमांकाबरोबरच बॅच किंवा लॉटसाठी १० आणि अनुक्रमांकासाठी २१ असे स्वतंत्र संकेत ठरलेले आहेत. अडचण असते ती माल आत घेताना. गाडी दारात उभी असते, खोकी उतरवायची घाई असते, आणि लॉटचा रकाना रिकामा ठेवला तरी सिस्टीम पुढे जाऊ देते. तो रकाना रिकामा राहिला की वर्षभराने येणाऱ्या रिकॉलच्या दिवशी दोनच मार्ग उरतात: प्रत्येक खोके उघडून नगावरचा ठसा वाचणे, नाहीतर त्या पार्ट नंबरचा सगळा साठा अडवणे. दोन लॉट एकाच बिनमध्ये, म्हणजे रॅकच्या कप्प्यात, मिसळले असतील आणि नगावर ठसा नसेल, तर सगळा साठा अडवण्याखेरीज इलाज नसतो, आणि तसे करताना होणारी कुरकुर ऐकून घ्यावीच लागते.

रॅकवरचा माल अडवला म्हणजे काम झाले, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला. तो भाग एखाद्या ऑर्डरसाठी आधीच राखून, पॅक होऊन दाराशी उभा असू शकतो. एका गोदामातून दुसऱ्याकडे निघालेल्या गाडीत असू शकतो. दुरुस्तीच्या किटमध्ये वेगळ्याच नंबराखाली दडलेला असू शकतो, आणि तेथे तो शोधायचा तर किटच्या घटकांची यादीच उघडून पाहावी लागते. सर्वांत फसवी वाट मात्र ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालाची असते. न वापरलेला, बंद खोक्यातला नग परत आला की बहुतेक सिस्टीम तो नेहमीच्या बिनमध्ये, चांगल्या मालात जमा करतात. म्हणून होल्ड आज शिल्लक असलेल्या नगांवर टाकून भागत नाही. तो लॉटवर टाकावा लागतो, म्हणजे त्या लॉटचा उद्या येणारा नगही आत येतानाच अडतो. शिवाय हा होल्ड अनेक वर्षे टिकावा लागतो. ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरच्या (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाच्या) बाबतीत तर सुरुवातीच्या रिकॉलमध्ये बदली म्हणून बसवलेले काही इन्फ्लेटरही पुढे परत मागवावे लागले होते.

संगणकातल्या होल्डला असा माल वेगळा ठेवणाऱ्या कुलूपबंद जाळीची जोड हवी, हे सांगायला नकोच. उलट बाजूने, नुसती लाल टॅग लावलेली जाळी असेल आणि सिस्टीममध्ये होल्ड नसेल, तर विक्री विभाग तो माल ग्राहकाला कबूल करून बसतो आणि मग जाळी उघडण्यासाठी दबाव येतो. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ८.७ या कलमात सदोष माल ओळखून वेगळा ठेवण्याची आणि त्याविषयी निर्णय कोणी घेतला याची नोंद ठेवण्याची अपेक्षा आहे. माझ्या अनुभवात या दुसऱ्या भागाकडेच दुर्लक्ष होते. ज्याला माल पाठवण्याचे उद्दिष्ट गाठायचे असते, त्याच्याच लॉगिनला होल्ड काढण्याचा अधिकार असणे योग्य नाही; तो गुणवत्ता विभागाकडे असावा आणि सोडताना कारण लिहिल्याशिवाय सिस्टीमने पुढे जाऊ नये. लहान गोदामाला यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागते, असेही नाही. साध्या सॉफ्टवेअरमध्येही ‘क्वारंटाइन’ नावाचे वेगळे ठिकाण उघडता येते आणि त्या ठिकाणावरून बिल करणे बंद ठेवता येते.

राहता राहिला अखेरचा हिशेब. जाळीतल्या मालाची मोजणी अशा माणसाने करावी ज्याला सिस्टीममधला आकडा दाखवलेला नाही. आकडा समोर असला की डोळे तोच मोजतात. मग आलेले नग एका बाजूला आणि विकलेले, किटमधले, जाळीतले, उत्पादकाला परत केलेले व नष्ट केलेले दुसऱ्या बाजूला, असा ताळा जुळवावा. समजा एका लॉटचे पाचशे नग आले होते, ३१० विकले गेले, १५ किटमध्ये सापडले आणि १७२ जाळीत आहेत; परत केलेले किंवा नष्ट केलेले अजून एकही नाहीत. तीन नग कमी भरतात. असे तीन नग ‘किरकोळ तफावत’ म्हणून माफ करण्याची सोय जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि रोजच्या मोजणीत ती सोयीचीही आहे, परंतु होल्डवरच्या लॉटसाठी ती बंद ठेवावी आणि ते तीन नग कोठे आहेत हे कळेपर्यंत रिकॉलची नोंद उघडीच राहू द्यावी, अशी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना आणि गोदामप्रमुखांना आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त गोदाम व्यवस्थापक