केबल टाकायच्या आधी कोळीवाड्यात विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या आणि इकडे नेट रखडायला लागलं, तेव्हा दोन-चार दिवस सगळे समुद्राखालच्या केबलवर बोलत होते, मग विषय संपला. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ल्यात सापडलेलं रुबीमार जहाज भरकटलं आणि त्याचा नांगर तळाला घासत गेल्यामुळे तीन केबल गेल्या असं मानलं जातं. पण तांबडा समुद्र लांब राहिला हो, आपल्या वर्सोव्याचं काय?

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२३ मध्ये केबलबद्दल शिफारशी दिल्या तेव्हा देशात १७ आंतरराष्ट्रीय केबल होत्या, त्यातल्या बऱ्याचशा मुंबईत आणि मुंबईतल्या बहुतेक वर्सोव्याच्या त्याच थोड्याशा किनाऱ्यावर. एवढी गर्दी असली की एकच नांगर घासत गेला तरी दोन-तीन केबल एकदम जाऊ शकतात, आणि दुरुस्तीलाही अडचण, कारण तुटलेली केबल आकड्याने वर ओढून, जादा तुकडा जोडून परत खाली सोडावी लागते, त्याला आजूबाजूला जागा लागते. त्यात जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला.

जगात वर्षाला दीडशे-दोनशे वेळा केबल बिघडतात आणि बहुतेक वेळा कारण मासेमारी नाहीतर जहाजांचे नांगर. शार्क केबल चावतात-बिवतात ते सोडा. म्हणून उथळ पाण्यात केबलला स्टीलच्या तारांचं कवच असतं आणि ती चर खणून पुरतात. त्याआधी सर्व्हेचं जहाज सोनारने, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून, तळ बघतं, खडक कुठे, चिखल कुठे, जुनी पाइपलाइन कुठे, सगळं नकाशावर येतं. पण डोल जाळ्याचे (एका जागी बांधून ठेवायच्या जाळ्याचे) खुंट कुठल्या हंगामात कुठे ठोकतात, ट्रॉलर कुठल्या पट्ट्यात जाळं ओढतात, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यात बोटी कुठे पळतात, हे सोनारला काय दिसणार? ते वर्सोवा, मढच्या कोळीवाड्यात जाऊनच विचारावं लागतं, आणि तेही मार्ग ठरायच्या आधी, नुसतं नोटीस चिकटवून नाही.

आणि पैशाचं पण बोला. जाळं केबलमध्ये अडकलं की बोट कचकन थांबते, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, इंजिनाचा जोर लावून ओढायला बघतो, कारण जाळं गेलं तर नुकसान त्याचंच. खरं तर १८८४ च्या पॅरिसच्या करारातच लिहिलंय की केबल वाचवायला कोणी जाळं किंवा नांगर सोडून दिला तर केबलच्या मालकाने भरपाई द्यायची, आणि भारताने १९९५ मध्ये मान्य केलेल्या समुद्र कायद्याच्या करारातही तेच आहे, फक्त मच्छीमाराने आधी काळजी घेतलेली असली पाहिजे. आता केबल कुठून गेलीय हेच माहीत नसेल तर तो काळजी घेणार तरी कशी!

ऑस्ट्रेलियाने सिडनी आणि पर्थजवळ केबलसाठी पट्टे राखून तिथे ट्रॉलिंग आणि नांगर टाकायला बंदी केलीय. आपल्याकडे तसं करायचं म्हटलं तर आधीच आक्रसलेल्या मासेमारीच्या जागेतून आणखी तुकडा जाणार, म्हणून सरळ नक्कल मला तरी पटत नाही. त्यापेक्षा पुढच्या केबल वर्सोव्यातच न कोंबता रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे उतरवता येतील का ते तपासा, आणि आहेत त्यांचा नकाशा मराठीत, जीपीएस पॉइंटसकट, प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात लावा. खुंट ठोकायच्या आधी लावा, नंतर नको.

एक वाचक,
अंधेरी पश्चिम