रक्तातील पुटिका आणि सोलापूरचा नमुना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या साध्या तपासणीतून कर्करोग लवकर ओळखता येईल, असे मजकूर हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. ही आशा निराधार नाही. शरीरातील पेशी स्वतःच्याच आवरणात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पुटिका (इवल्या पिशव्या) रक्तात सोडत असतात, त्यांत त्या पेशीची प्रथिने आणि आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारे रेणू) असतात, आणि कर्करोगाच्या गाठीतील पेशीही याला अपवाद नाहीत. यांपैकी एक्झोझोम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुटिका १९८३ मध्ये कोवळ्या तांबड्या पेशींच्या अभ्यासात प्रथम आढळल्या. पुढे बराच काळ त्यांना पेशींनी बाहेर टाकलेला केरच समजले गेले.

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला लिहावेसे वाटते ते या पुटिका वेगळ्या काढण्याविषयी, कारण बातम्यांत नेमका तोच भाग गाळला जातो. एक्झोझोमचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) असतो आणि चरबी वाहून नेणारे लिपोप्रोटीनचे अनेक कणही त्याच आकाराचे, शिवाय संख्येने कितीतरी पटींनी जास्त असतात. अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात गुरुत्वाच्या सुमारे एक लाख पट जोराने नमुना फिरवला, तरी तळाशी बसणाऱ्या साक्यात पुटिकांबरोबर इतर प्रथिनेही येतात. त्यातून हाती लागलेल्या पुटिकांपैकी गाठीच्या अगदी थोड्या. बहुतेक प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि इतर रक्तपेशींच्या असतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये पुटिकांवरील ग्लायपिकन-१ या प्रथिनाने मोठी आशा दाखवली होती, पण इतर संशोधकांना तितके अचूक निष्कर्ष मिळाले नाहीत.

शिवाय नळीत घेतलेले रक्त स्वस्थ बसत नाही. त्यातील प्लेटलेट उत्तेजित होऊन नव्या पुटिका सोडतात, तांबड्या पेशी फुटतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. अशा दिवसांत अक्कलकोटला घेतलेले रक्त प्लाझ्मा (पेशींवाचूनचा द्रव भाग) वेगळा न करता तसेच पुण्याला धाडले, तर तेथे मोजले जाईल ते गाठीचे लक्षण की प्रवासाचे, हे कोण सांगणार?

आपल्या भागाला या विषयात स्वतःचे स्थान आहे. ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी (परिसरातील रुग्णांची कायम ठेवलेली नोंद) १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो अभ्यास झाला, त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा सहभाग होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीची किंमत अशी, वाचलेल्या जिवांवरून ठरते. पुटिकांच्या चाचण्या अजून त्या टप्प्याच्या फार मागे आहेत, म्हणून कोणीही त्यांच्या भरवशावर तोंडातील पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवायची लांबणीवर टाकू नये. तंबाखू, मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

माझी सूचना एवढीच आहे. विडी कामगार भगिनी आणि तंबाखू खाणारे यांच्यापैकी जे समजून-उमजून संमती देतील, त्यांचे रक्त ते निरोगी असतानाच घ्यावे, काही तासांच्या आत, जिथे घेतले तिथेच, दोनदा फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा, तो उणे ८० अंशांवर जपावा आणि कर्करोग नोंदणीशी जोडावा. पुढे त्यांच्यापैकी कोणाला आजार झाला, तर गाठ दिसण्यापूर्वीच्या रक्तात तिच्या पुटिका सापडत होत्या का, हे त्या जपलेल्या नमुन्यांवरून पडताळता येईल. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने याचा विचार करावा, अशी आपल्या दैनिकातून कळकळीची विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर